निघून जाऊ पाहणारी नायिका आणि मागे राहणारी आई

वाचकाचे पत्र

मी 23 वर्षांची आहे. नायगावच्या बीडीडी चाळीत जन्मले, तिथेच वाढले आणि आता लोअर परळच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. माझे आजोबा राजापूरकडून गिरणीत कामाला आले होते, तेव्हापासूनची ही खोली. कॉलेजात असल्यापासून मी कथा लिहिते आणि माझ्या प्रत्येक कथेत या रोजच्या जगण्यातून निघून जाऊ पाहणारी एखादी मुलगी किंवा मुलगा असतो. सोबतच्या कथेतली वैशाली 19 वर्षांची आहे. शेवटी ती रात्री बॅग भरून दादरला जाते आणि गाडीत बसते. दोन संपादकांनी ही कथा परत केली. एकाने लिहिले, ‘नायिका कंटाळली आहे एवढेच कळते.’ त्याहून वाईट म्हणजे ती माझ्या आईने वाचली. वैशालीची आई भिशीचे पैसे तांदळाच्या डब्यात लपवते आणि मुलीला मात्र ‘क्लासच्या फीला पैसे नाहीत’ असे सांगते, हे मी आमच्याच घरातून उचलले होते. आई दोन दिवस काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, ‘इतकं वाईट आहे का गं आपलं घर?’ तेव्हापासून लिहायला बसले की हात थांबतो. हा विषय सोडून द्यावा का? घरच्यांवर लिहिणे चूक आहे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि कथा, दोन्ही मी सावकाश वाचली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही: हा विषय सोडू नका. तरुण वयात आहे त्या जगण्यातून बाहेर पडावेसे वाटणे ही इतकी खरी आणि इतकी तीव्र भावना आहे की तिला कोणी पोरकट म्हटले तरी तुम्ही खचून जाण्याचे कारण नाही. शिवाय लघुकथेला हा विषय फार चांगला मानवतो. कादंबरीतला माणूस घर सोडून जाऊ शकतो, दुसरीकडे बिऱ्हाड थाटू शकतो आणि वीस वर्षांनी परत येऊन पश्चात्तापही करू शकतो. कथेपाशी एवढी ऐसपैस जागा नसते; तिच्यात फार तर एक संध्याकाळ मावते, आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला एक संध्याकाळ पुरते. म्हणूनच जगभरच्या कथाकारांनी या उंबरठ्यावर पुन्हा पुन्हा माणसे उभी केली आहेत.

मात्र तुमच्या संपादकांचे म्हणणेही मला निम्मे पटते. वैशालीला जायचे आहे हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात सांगता आणि शेवटपर्यंत तेच सांगत राहता, आणि तिच्या वाटेत खरोखर काय आहे हे मात्र कुठेच दिसत नाही. हे कसे दाखवता येते याचा सर्वांत स्वच्छ नमुना मला आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या ‘ॲराबी’ या कथेत दिसतो. 1914 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डब्लिनर्स’ या त्याच्या पंधरा कथांच्या संग्रहातली ही कथा आहे. डब्लिनमधल्या एका बंद गल्लीत काका-काकूंकडे राहणारा मुलगा, शेजारच्या मित्राच्या बहिणीवर जडलेले त्याचे मन आणि ‘ॲराबी’ नावाच्या बाजाराला जाऊन तिच्यासाठी काहीतरी आणण्याचे त्याने तिला दिलेले वचन, एवढीच तिची सामग्री आहे. बाजाराच्या नावातल्या पूर्वेकडच्या जादूने तो भारावून गेला आहे. आता लेखक काय करतो ते बघा. मुलगा किती तळमळतो याची वर्णने तो वाढवत नाही, तर त्या तळमळीला पैशांची आणि वेळेची अडचण घालतो. पैसे काकांकडून मिळायचे आहेत आणि सकाळी आठवण करूनही काका विसरतात, रात्री नऊला घरी येतात. काकू मध्ये पडल्यावर मुलाच्या हातात फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंगांचे नाणे, पडते. गाडी रखडत जाते. सहा पेन्सांचे प्रवेशद्वार सापडत नाही म्हणून तो घाईघाईने पूर्ण शिलिंग देऊन आत शिरतो, आणि दहा वाजत आलेले असल्यामुळे बहुतेक दुकाने बंद आणि सभागृह अर्धे अंधारात असते. उघड्या दुकानातली विक्रेती दोन तरुणांशी हसतखिदळत बोलते आहे आणि याला काय हवे ते केवळ उपचार म्हणून विचारते. खिशात सहा पेन्सांचे एक नाणे आणि दोन सुट्या पेन्या उरल्या आहेत; तो त्या एकमेकींवर पडू देतो आणि काही न घेता परत फिरतो. त्याचे स्वप्न किती मोठे होते, हे आपल्याला त्या आठ पेन्सांवरून कळते.

वैशालीच्या खिशात किती रुपये आहेत? मी तुमची कथा दोनदा वाचली, तरी मला ते सापडले नाही. तिचे बँकेत खाते आहे का, त्याचे संदेश कोणाच्या फोनवर येतात, तिचे सिमकार्ड वडिलांच्या नावावर आहे का, रात्री दहाला तिने बॅग उचलली तेव्हा गॅलरीत कोण कोण बसले होते, हे तुम्हाला ठाऊक असणार, कारण तुम्ही त्या गॅलरीत लहानाच्या मोठ्या झाला आहात. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत माणसे झोपल्यावर दाराकडे जायला वाट कुठून असते? बॅग माळ्यावरून काढताना कशाचा आवाज होतो? ती आधी कुठे लपवली होती? चाळीत काही लपवणे किती अवघड असते हे ज्याने चाळ पाहिलेली नाही अशा वाचकाला माहीत नसते, आणि तुमच्या कथेत ते आले तर ‘नायिका कंटाळली आहे एवढेच कळते’ अशी तक्रार कोणी करणार नाही. या तपशिलांची यादी कथेत ओतू नका. तिच्या वाटेत आडवे येतील तेवढेच ठेवा.

कंटाळ्याबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. विला कॅथर ही अमेरिकन लेखिका पिट्सबर्गला शाळेत शिकवत होती तेव्हा, 1905 मध्ये, तिची ‘पॉल्स केस’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या पॉलला आपल्या मध्यमवर्गीय गल्लीचा मनापासून तिटकारा आहे. नाट्यगृहातले दिवे आणि संगीत एवढेच त्याला खरे वाटते. पुढे तो नोकरीच्या ठिकाणचे पैसे चोरून न्यूयॉर्कच्या आलिशान हॉटेलात काही दिवस राहतो आणि चोरी उघड झाल्यावर रेल्वेखाली जीव देतो. कथेत त्याच्या गल्लीतला एक रविवार आहे. माणसे घरापुढच्या पायऱ्यांवर बसली आहेत, मुलांच्या शाळेतल्या प्रगतीबद्दल आणि आपापल्या साहेबांबद्दल बोलत आहेत. पॉलला हे सगळे असह्य होते, पण लेखिका मात्र तिथे थांबते, त्या माणसांचे बोलणे ऐकते आणि आपल्यालाही ऐकवते. पॉलला जे भिकार वाटते ते तसेच आहे का, हे ठरवायची मोकळीक त्यामुळे वाचकाला मिळते. तुमच्या कथेत ही मोकळीक नाही. वैशालीला चाळ कोंदट वाटते आणि निवेदनालाही ती तेवढीच कोंदट वाटते; वैशालीला आई कंजूष वाटते आणि निवेदनही आईला कंजूषच ठरवते. नायिकेने एकांगी असावे, 19 व्या वर्षी तो तिचा हक्कच आहे. लेखिकेला तिच्यापेक्षा थोडे जास्त दिसले पाहिजे.

आणि हे जास्तीचे काही तुमच्या कथेत आधीच पडून आहे. ते तांदळाच्या डब्यात आहे.

भिशी कशी चालते हे तुम्हाला सांगायला नको, तरी मुद्द्यासाठी सांगते. चाळीतल्या बारा बायका दर महिन्याला प्रत्येकी हजार रुपये काढतात, चिठ्ठी टाकतात, आणि जिचे नाव निघते तिच्या हातात त्या महिन्याचे बारा हजार पडतात. याचा अर्थ असा की भिशी लावणारी प्रत्येक बाई आपल्या नावाची वाट पाहत असते, आणि वाट पाहणारी बाई मनातल्या मनात त्या पैशांचे काहीतरी करत असते. वैशालीच्या आईला ते पैसे कशासाठी हवे होते? वैशालीला हे माहीत नाही, आणि कथा वाचून मला असे वाटले की तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही तो डबा आईचा खोटेपणा दाखवण्यासाठी उघडला आणि लगेच बंद केला. माझ्या मते तुमची कथा तिथून सुरू होते. त्या बाईलाही कुठेतरी जायचे असेल. कदाचित माहेरच्या गावी एकटीने आठ दिवस राहायचे असेल, कदाचित शिवणयंत्र घ्यायचे असेल, कदाचित नवऱ्याला न विचारता खर्च करता येईल अशी एक रक्कम जवळ असावी एवढेच हवे असेल. एकाच खोलीत दोन बायका निघून जाण्याचा विचार करत आहेत, दोघींपाशी पैसा अपुरा आहे, आणि एकीला दुसरीचे कळलेले नाही. एवढे दिसले की क्लासची फी नाकारण्याचा तो प्रसंग पूर्णपणे वेगळा होतो, कारण मग तिथे एका इच्छेसमोर दुसरी इच्छा उभी राहते आणि कोणाची बाजू घ्यावी हे वाचकाला सहज ठरवता येत नाही.

मुंबईच्या बाबतीत हे आणखी एका पिढीने मागे नेता येते, आणि तुम्ही आजोबांचा उल्लेख ओझरता केला आहे म्हणून मी तिकडे लक्ष वेधते. कोकणातून आणि घाटावरून जी माणसे गिरण्यांत आली ती बहुतेक तुमच्या वैशालीच्या वयाची होती. आटलेली शेती, कर्ज, भाऊबंदकी आणि गावातले तेच ते दिवस मागे टाकून ती आली, एकेका गाळ्यात दहा-पंधराजण दाटीवाटीने राहिली, खाणावळीत जेवली, बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभी राहिली. त्यांच्यासाठी ही चाळ म्हणजेच निघून जाऊन पोहोचायचे ठिकाण होते. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते, आणि त्यांतले असंख्य कामावर परतलेच नाहीत. कित्येकजण जिथून पळून आले होते त्या गावी खाली मानेने गेले. तुमच्या आजोबांच्या वाट्याला नेमके काय आले ते मला ठाऊक नाही, तुम्ही घरात विचारा. वैशाली ज्या दाराबाहेर पाऊल टाकते आहे, त्याच दारातून कोणीतरी कधीकाळी मोठ्या आशेने आत आले होते, एवढे तुम्हाला लिहिताना आठवत राहिले तरी तुमच्या वाक्यांचा पोत बदलेल. कथेत आजोबांवर एक ओळही लिहिली नाही तरी चालेल.

याच कारणासाठी मला त्या ‘गाडी’बद्दलही विचारायचे आहे. वैशाली दादरला ‘गाडीत बसते’, म्हणजे कोणत्या गाडीत? पुण्याकडच्या, नागपूरकडच्या की उत्तरेकडच्या? रात्री कोकणकन्याही दादरला थांबते. ती त्या गाडीत बसली तर आजोबा ज्या मुलखातून निघून आले तिकडेच ती निघाली आहे, आणि हे तिला स्वतःला कळते की कळत नाही यावर सगळा शेवट अवलंबून राहील. गाडीचे नाव टाळले की शेवट सुटसुटीत होतो खरा, परंतु मुलगी कुठेच न जाता फक्त कथेबाहेर जाते.

वर्षही ठरवा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात बांधलेल्या या चाळी आता पाडल्या जात आहेत. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या आणि नायगावातही काम सुरू आहे. तुमची कथा आज घडत असेल तर वैशालीचे शेजारीही सामान बांधण्याच्या तयारीत असणार. कोणाला नव्या घराची ओढ असेल, कोणाला देखभालखर्चाची धास्ती, कोणी जुनी भांडी भंगारात काढत असेल. सगळी चाळच जायला निघालेली असताना एक मुलगी एकटी जाते, हा प्रसंग मला फार बोलका वाटतो आणि तो लिहिण्यासाठी तुमच्याइतके योग्य स्थान फार थोड्या लेखकांना लाभले आहे. कथा दहा वर्षांपूर्वीची असेल तर यातले काहीच येणार नाही, तेही चालेल. मात्र आज ती कुठल्याही वर्षी घडू शकते, आणि हे तिचे दुबळेपण आहे.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते नाही. दलित कथाकार बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 मध्ये आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवून राहतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. त्याच्याही मनात नव्या जीवनाची मोठी आशा असते. मात्र तो ज्या गोष्टीपासून सुटू पाहतो तिला कंटाळा म्हणता येत नाही, आणि ती त्याच्या आधीच त्या गावी पोहोचलेली असते. ही कथा तुम्ही जरूर वाचा. तुमच्या घरापासून जवळच नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनची संस्था. तिथे बागुल मिळतील आणि जुने दिवाळी अंकही मिळतील. त्यांच्या कथा वाचताना वैशालीला एक प्रश्न विचारून बघा: तिला जे नको आहे ते गाडीत तिच्याबरोबर येणार आहे का?

शेवटाबद्दल माझे मत तुम्हाला कडक वाटेल. गाडीत बसण्याचा प्रसंग काढून टाका. मुलीला घरी परत आणा असे मी सुचवत नाही. जॉइसचीच ‘एव्हलिन’ बंदरावर लोखंडी कठडा घट्ट धरून उभी राहते आणि प्रियकराबरोबर जहाजावर चढत नाही, पण ती त्या मुलीची गोष्ट आहे, तिच्यामागे मरणाऱ्या आईला दिलेला शब्द आहे आणि बापाची भीती आहे. वैशाली जाईल की राहील हे आज तुम्हाला ठाऊक नसले तर बरेच. मी म्हणते ते एवढेच की नायगावातून दादरला माणूस चालत जातो. रात्री बॅग घेतलेली मुलगी हिंदमाता, खोदादाद सर्कल अशी चालत गेली तर त्या वाटेवर तिला ओळखणारी किती माणसे भेटतील याचा विचार करा. इस्त्रीवाला ‘एवढ्या रात्री कुठे?’ असे विचारेल, बिल्डिंगमधला एखादा मुलगा दुचाकी थांबवून ‘सोडू का स्टेशनला?’ म्हणेल, आणि तिला प्रत्येकाला काहीतरी खोटे सांगावे लागेल. आईने फीबद्दल सांगितलेल्या खोट्यानंतर मुलीची ही खोटी उत्तरे येतील. ही वाट तुमच्या हस्तलिखितात अर्ध्या ओळीत संपते. तिला दोन पाने द्या, आणि ती पाने लिहून झाल्यावरच ती फलाटावर पोहोचते का ते ठरवा.

आता आईंबद्दल. घरच्यांवर लिहिणे चूक नाही, आणि कथा लिहिण्यासाठी तुम्ही कोणाची परवानगी मागावी असे मला वाटत नाही. तरीही आईंचे दुःख खरे आहे आणि त्याची टाळाटाळ करू नका. त्यांना वाईट वाटले ते घराला नावे ठेवली म्हणून, असे तुम्ही समजत आहात. मला वाटते, आपण काहीतरी जपून ठेवले होते आणि मुलीने त्याचा अर्थ कंजूषपणा असा लावला, हे त्यांना अधिक लागले असेल. त्यांना कथेचे समर्थन ऐकवू नका, साहित्यात असे चालतेच असेही म्हणू नका. एखाद्या दुपारी दोघीच असताना ‘आई, ते भिशीचे पैसे तुला कशाला हवे होते गं?’ एवढे विचारा, आणि वही जवळ ठेवू नका. त्या सांगतील किंवा सांगणार नाहीत. सांगितले तर ते जसेच्या तसे कथेत घालायचे नाही. वैशालीच्या आईचे कारण तुम्हालाच शोधावे लागेल, फक्त खरे कारण किती अनपेक्षित असू शकते याचा अंदाज तुम्हाला येईल.

नवा मसुदा अर्धवट असताना घरात कोणालाही दाखवू नका, नाहीतर प्रत्येक वाक्य आईंच्या चेहऱ्याकडे बघत लिहिले जाईल. छापायला पाठवण्यापूर्वी मात्र तो त्यांच्या हातात द्या. चाळीत नाव बदलून भागत नाही. तुमच्या मजल्यावर भिशी कोण चालवते आणि डबा कोणाच्या घरात आहे हे सगळ्यांना माहीत असते, आणि अंक घरोघर फिरल्यावर प्रश्न आईंना विचारले जातील, तुम्हाला नाही. त्यांनी एखादी गोष्ट काढायला सांगितली तर शांतपणे विचार करा. डब्याऐवजी दुसरी जागा, भिशीऐवजी पतपेढीचे पासबुक, असा बदल कथेला सहज पेलतो. दिवाळी अंकांसाठीच्या कथा संपादक साधारण पावसाळ्यातच मागवून घेतात, त्यामुळे घाई न करताही तुमच्या हाती पुरेसा वेळ आहे. कंटाळ्याबद्दल ज्यांनी लिहिले त्या संपादकांना हीच कथा पुन्हा पाठवा आणि सोबतच्या पत्रात ती नव्याने लिहिली आहे हे स्पष्ट कळवा.